सील कोट दर पावसाळ्यात निघून जातो? ड्रम उघडण्याआधी पाणी शोधा

नागपुरात मानेवाड्याच्या पुढे, बेसा रोडच्या अंगाला आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेली वस्ती, आहे. आतला डांबरी रस्ता १२० मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद. एवढ्याशा रस्त्यावर आम्ही लागोपाठ तीन वर्षं सील कोट, म्हणजे ऊन-पाणी अडवणारा पातळ काळा थर, मारला आणि तिन्ही वेळा दसऱ्याच्या आत गिट्टी पुन्हा उघडी पडली. पहिल्या वर्षी पापुद्रे निघाले. दुसऱ्या वर्षी थर वाळलाच नाही, महिनाभर चपला चिकटत होत्या. तिसऱ्या वर्षी पहिल्याच सरीत काळं पाणी नालीतून वाहत गेलं. चौथ्यांदा केलेलं काम मात्र दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढून अजून जागेवर आहे.

काय चुकत होतं आणि कशाने सुटलं ते सविस्तर लिहितो. हीच तक्रार त्रिमूर्तीनगरपासून दिघोरीपर्यंत कोणीही भेटलं की ऐकायला मिळते, आणि प्रत्येक जण दोष मालाला देतो. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून बावीस वर्षं साइटवर आहे, पण बहुतेक काम इमारतींचं. रस्त्याचं जे काही कळलं ते या तीन वेळा फसलेल्या कामातून आणि नंतर धरून बसून केलेल्या तपासणीतून.

एक गोष्ट आधीच सांगतो. रस्ता मनपाचा आहे, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास) आहे की लेआउटच्या सोसायटीचा, हे झोन ऑफिसात विचारून घ्या. सरकारी रस्ता असेल तर लेखी परवानगीशिवाय त्यावर काही ओतू नका. काम नवं असेल तर ठेकेदाराच्या दोष-दुरुस्तीची मुदत संपली आहे का तेही पाहा. मुदतीत आपण हात लावला की ठेकेदार मोकळा होतो.

तिन्ही वर्षी तीच जागा

तिसऱ्या वेळी काम वाहून गेलं तेव्हा कमिटीची बैठक बसली. नवा ठेकेदार, नवा माल, जास्त पैसे, असंच सगळं बोलणं चाललं होतं. समोरच्या काकू कधी बैठकीत बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दरवर्षी काळं फासून राहिले, अन् दरवर्षी ते तिथूनच निघून राहिलं. हे पाहिलं काय कोणी?"

कोणीच पाहिलं नव्हतं. घरी येऊन मोबाइलमधले तिन्ही वर्षांचे फोटो काढले आणि कागदावर रस्त्याचा आडवा पट्टा आखून जिथे जिथे गिट्टी सुटली तिथे दरवर्षी वेगळ्या रंगाच्या पेनने खुणा केल्या. तिन्ही रंग तीन जागी एकमेकांवर पडले. फ्लॅट स्कीमच्या (अपार्टमेंटच्या) समोरचा पंधरा मीटरचा तुकडा, कोपऱ्यावरच्या घराची कडा, आणि जिथे एक मालवाहू गाडी रोज रात्री उभी राहते ती जागा. बाकीचा रस्ता करडा पडला होता, पण धडधाकट होता.

लावणारे हात तीन वर्षं वेगळे, हवा वेगळी, चूकही वेगळी, आणि तरी जागा त्याच. मग मूळ कारण डब्यात असणं शक्य नव्हतं. तुमचाही थर दरवर्षी जात असेल तर खर्चाचा पहिला रुपया काढण्याआधी हा नकाशा करा. फोटो नसतील तर शेजाऱ्यांना विचारा. रोज गाडी काढणाऱ्या माणसाला खड्डा कुठे होता ते तोंडपाठ असतं.

रस्ता करडा का पडतो

आज ज्याला आपण डांबर म्हणतो ते खरं तर बिटुमेन, पेट्रोलियम शुद्ध करताना तळाशी उरणारा भाग. त्यात एक जड, कडक अंश असतो आणि त्याला मऊ ठेवणारा तेलकट अंश असतो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तो तेलकट अंश कमी करत जातात. नागपुरात २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि सावलीत ४५ असतं तेव्हा काळा रस्ता ६० च्या पुढे तापतो. नवतपाचे नऊ दिवस संपेपर्यंत वरचे काही मिलिमीटर इतके कडक होतात की नखाने दाबलं तर दबत नाहीत, खरवडलं तर भुगा होतो. आधी गिट्टीच्या मधली चुरी उडते, मग गिट्टीची टोकं उघडी पडतात, मग फटीतून पाणी आत जातं. चाक वरून गेलं की ते पाणी दाबलं जातं, पुढे गेलं की ओढलं जातं. हजार वेळा असं झालं की गिट्टीवरचं बिटुमेन सुटतं.

सील कोट या साखळीची पहिली कडी तोडतो. ऊन आणि पाणी आत जाऊ देत नाही, बस. तो रस्त्याला ताकद देत नाही, खड्डा भरत नाही, खोलगट भाग वर उचलत नाही. आमच्या कामात गिट्टीविना नुसता पातळ फवारा होता, त्याला फॉग सील म्हणतात. त्याचा जाडीचा हिशेब करून पाहा. इमल्शन म्हणजे पाण्यात विरवलेलं बिटुमेन. त्याच्या एसएस-१ या प्रकारात निम्मं बिटुमेन, त्यात तेवढंच पाणी मिसळलं की पाव भाग. चौरस मीटरला अर्धा लिटर मारलं तर पाणी उडाल्यावर उरलेला थर साधारण एक अष्टमांश मिलिमीटर. पोस्टकार्डापेक्षा पातळ. हा आकडा कळल्यावर आमच्या कमिटीत "अजून एक हात मारा" म्हणणारे गप्प झाले.

इथे शब्दाचाही घोळ होतो. सरकारी अंदाजपत्रकात २० मिमी कार्पेट आणि सील कोट अशा दोन वेगळ्या ओळी असतात. ते कार्पेट, म्हणजे गिट्टी आणि बिटुमेनचा वरचा थर, मुळातच सच्छिद्र असतं, त्यावर पहिल्याच दिवशी बिटुमेन आणि बारीक गिट्टीचा किंवा चुरीचा सील कोट यायलाच हवा. तो दुसरा आणि जाड प्रकार. तुमच्या रस्त्यावर तो कधी पडलाच नसेल तर नुसत्या फवाऱ्याने ती उणीव भरून निघत नाही.

कणकेचं आळं

रस्ता सीलच्या लायक आहे का, हे बघायला मी एक घरगुती चाचणी केली. घट्ट मळलेल्या कणकेची वळी करून रस्त्यावर वीतभर रुंदीचं आळं घातलं, कडा अंगठ्याने दाबून बसवल्या आणि आत चहाचा अर्धा कप पाणी ओतलं. मोबाइलवर वेळ लावली.

निंबाखाली, जिथे ऊन कमी लागतं, तिथे दहा मिनिटांनंतरही पाणी जवळपास तसंच होतं. रस्त्याच्या मधल्या भागात पाच-सहा मिनिटांत पाणी मुरलं. फ्लॅट स्कीमसमोर ते चाळीस सेकंदांत गायब झालं, आणि जाताना फटीतून बुडबुडे वर आले. पुढे जे दिसलं त्याने माझे डोळे उघडले. थोड्या वेळाने आळ्यापासून हातभर अंतरावर, उताराच्या बाजूला, रस्त्याच्या कोरड्या पृष्ठभागावर एक ओला डाग उमटला. पाणी वरून आत गेलं आणि थराखालून सरकत दुसरीकडे बाहेर आलं. म्हणजे कार्पेट खालच्या खडीकरणापासून सुटलेलं होतं. तिथे वरून जगातला कुठलाही सीलर लावला असता तरी तो पुढच्या पावसात निघालाच असता.

याचा अर्थ मी असा लावतो. पाणी दहा मिनिटं उभं राहत असेल तर सीलची घाई नाही, पैसे ठेवून द्या. हळूहळू मुरत असेल आणि पेचकसाने टोकरून गिट्टी हलत नसेल तर हीच सीलची खरी वेळ. डोळ्यांदेखत गडप होत असेल तर आधी तेवढा तुकडा उकरून दुरुस्त करा. सील जिवंत रस्त्याला लावतात. रस्ता झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी, करडा पडला पण फुटला नाही अशा वेळी. आपण नेमके सातव्या-आठव्या वर्षी, खड्डे दिसल्यावर जागे होतो.

कूलरचं पाणी

फ्लॅट स्कीममध्ये बारा घरं आहेत आणि एप्रिल ते जून बारा कूलर चालतात. त्यांच्या उरलेल्या पाण्याची नळी एका पाइपात आणून तो पाइप कंपाउंडच्या भिंतीतून बाहेर काढला होता. नाली पलीकडच्या कडेला, आणि मध्ये आमचा रस्ता. कोणाचा फ्लोट अडकला की रात्रभर धार. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करतात तेव्हा लोंढा. ते केलंच पाहिजे, डेंग्यूच्या डासांचा प्रश्न आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण म्हणजे नवतपात, जेव्हा बाकीचा रस्ता रखरखीत कोरडा असतो, तेव्हा हा पंधरा मीटरचा तुकडा दिवसभर ओला असे. तोही बोअरच्या पाण्याने. रस्त्यावर क्षारांचं पांढरं कडं पडलं होतं, आणि त्या कड्यातली गिट्टी मी दोन बोटांनी उचलली तर ती हातात आली. खालच्या बाजूला बिटुमेनचा ठिपकासुद्धा नव्हता, धुतल्यासारखी स्वच्छ.

आम्ही पावसाळ्याकडे बोट दाखवत होतो आणि रस्ता उन्हाळ्यातच सुटत होता. पाऊस फक्त सुटलेलं वाहून नेत होता.

स्कीमच्या लोकांशी बोलायला मला भीती वाटत होती. पण त्यांना ती गिट्टी हातात दिली आणि पांढरं कडं दाखवलं, तेव्हा एका आजोबांनी स्वतःच पाइप वाढवून नालीपर्यंत न्यायचं कबूल केलं. रस्त्यात आडवी चर काढून, पाइप टाकून, वर काँक्रीट. एवढंच. सील कोटच्या एका वर्षाच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडलं.

दुसरी जागा कोपऱ्यावरच्या घराची. तिथे बांधकामानंतर बाजूचा मुरूम रस्त्यापेक्षा दोन इंच उंच झाला होता. रस्ता परातीसारखा, पाण्याला बाहेर जायला वाट नाही. डांबरी रस्त्याला मधून दोन्ही कडांकडे अडीच टक्क्यांच्या आसपास उतार लागतो. आमच्या रुंदीला तो मधोमध साधारण साडेपाच सेंटीमीटर उंची होतो. या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरा, मध्ये रस्ता सुतळीला वर ढकलत असेल तर ठीक. सुतळीखाली पोकळी राहिली तर तिथे तळं होणारच. आम्ही मुरूम खरवडून रस्त्यापेक्षा खाली घेतला आणि नालीकडे उतार दिला. दोन मजूर, एक दिवस.

तिसरी जागा तेलाची. डिझेल आणि इंजिन ऑइल बिटुमेनला विरघळवतात, आणि तेलावर इमल्शन बसत नाही. डाग साबणाच्या पाण्याने आणि तारेच्या ब्रशने घासून काढा. जागा मऊ झाली असेल तर तेवढं कापून नवं भरा. गाडीवाल्या भाऊंनी आता गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवला आहे.

डब्यात काय आहे

आता माल. "इको", "ग्रीन" असं लिहिलेले डबे बरेच येतात. त्यात पहिलं बघायचं ते म्हणजे कोल टार आहे का. आपल्या भाषेत डांबर हा शब्द दोन्हींना चालतो, म्हणून फसगत होते. कोल टार दगडी कोळशापासून कोक करताना निघतं. त्याच्या सीलरमध्ये कर्करोगाला कारण ठरणाऱ्या बहुचक्रीय हायड्रोकार्बनचं प्रमाण बिटुमेनच्या सीलरपेक्षा साधारण हजार पटींनी जास्त असतं. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराने २००६ मध्ये ते बंद केलं, नंतर वॉशिंग्टन आणि मिनेसोटा या राज्यांनीही. आपल्याकडे रस्त्यावरून झिजलेला कण नालीतून नाग नदीत जातो, तिथून कन्हानमध्ये, मग वैनगंगेत. खाली गोसीखुर्दचं धरण आहे. आपला फवारा आपल्या गल्लीत राहत नाही.

ओळखायचं कसं? वास घ्या, डांबरगोळ्यांसारखा आला तर सावध व्हा. त्या गोळ्यांचं नाव उगाच पडलेलं नाही, नॅप्थलीन मुख्यतः कोल टारमधून निघतं. दुसरी खूण: वाळलेल्या थराचा तुकडा काचेच्या बाटलीत पेंट थिनरमध्ये बुडवून हलवा. बिटुमेन विरघळून काळ्या कॉफीसारखं होतं. कोल टार फारसं विरघळत नाही, रंग कोऱ्या चहासारखा फिका राहतो.

दुसरं, केरोसिन मिसळून पातळ केलेलं कटबॅक बिटुमेन नको. ते केरोसिन उडून हवेतच जातं आणि तापवताना आगीचा धोका असतो. पाण्यात विरवलेलं इमल्शन थंडच वापरता येतं, ना लाकूड जाळायचं, ना धूर. याच कारणाने मी त्याला टिकाऊ आणि पर्यावरणाला सोसणारा पर्याय म्हणतो.

पण इमल्शन म्हणजे कुठलंही इमल्शन नाही. आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीचा घोळ इथेच होता. आयएस ८८८७ या भारतीय मानकात कॅटायोनिक (धन प्रभार असलेल्या) इमल्शनचे प्रकार आहेत. आरएस-१ झटकन फुटतं, म्हणजे त्यातलं बिटुमेन आणि पाणी लगेच वेगळं होतं, ते जुन्या थरावर नवा थर चिकटवण्यासाठी, म्हणजे टॅक कोटसाठी. एसएस-१ सावकाश फुटतं, फटीत उतरायला वेळ घेतं, आणि फॉग सीलसाठी तेच आहे. ठेकेदाराकडे दुसऱ्या साइटवरचे आरएस-१ चे उरलेले ड्रम असतात, तेच आपल्या गल्लीत रिकामे होतात. वर त्यात बोअरचं पाणी ओततात. आरएस पातळ करायचं नसतंच. आमच्या ड्रममध्ये ते आतल्या आत फुटून दह्यासारखे गोळे झाले होते आणि मजूर ते फावड्याने रस्त्यावर पसरत होते. महिनाभर चिकटलेल्या चपला त्याच्याच. म्हणून ड्रमवरचा शिक्का स्वतः वाचा आणि बिलावर प्रकार लिहून घ्या.

दाट आहे की पाणीच जास्त, हे घरी कळतं. १०० ग्रॅम इमल्शन जुन्या ताटात ओतून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, पूर्ण वाळल्यावर पुन्हा वजन करा. एसएस-१ मध्ये किमान ५० ग्रॅम उरायला हवं. आमच्या तिसऱ्या वर्षीच्या मालाचं हे कोणी पाहिलंच नव्हतं.

वनस्पती तेलापासून बनवलेल्या रिजुव्हेनेटरबद्दल बरेच विचारतात. ते वर थर देत नाही. आत शिरून कडक झालेल्या बिटुमेनला गेलेला तेलकट अंश परत देतं. अमेरिकेत सोयाबीनवर आधारित असे सीलर नगरपालिका वापरतात, आणि सोयाबीन तर विदर्भाचं पीक. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याजवळच, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनसर बायपासला, लिग्निनपासून (वनस्पतींच्या काडीतल्या घटकापासून) तयार केलेलं बायो-बिटुमेन मिसळून रस्त्याचा तुकडा झाला. तो सीलर नव्हे, मुख्य थरातला माल आहे, पण दिशा तीच. मला या वाटेबद्दल मनापासून आशा आहे. मात्र म्हणून कोणी तेलाच्या पिंपातलं तेल रस्त्यावर ओतू नका. कच्चं तेल रस्ता मऊ आणि निसरडा करतं. जळकं ऑइल तर त्याहून वाईट. रस्ता काळाभोर दिसतो म्हणून काही जण ते फासतात. ते बिटुमेन विरघळवतं आणि त्यातले जड धातू नालीत जातात.

लावताना

महाशिवरात्रीनंतरचे पंधरा-वीस दिवस मला सगळ्यात योग्य वाटतात. दव नसतं, दुपार तिशीच्या वर असते, आणि रस्त्याला उन्हाळा लागायच्या आत कवच मिळतं. त्या दिवसांत विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारा येतात, म्हणून दोन दिवसांचा अंदाज बघूनच ड्रम उघडा. दिवाळीनंतरही चालतं, पण डिसेंबर-जानेवारीत अकराच्या आधी सुरू करू नका, कडेचा रस्ता दवाने ओला असतो. मृग तोंडावर आल्यावर तर हात लावूच नका. आम्ही तिसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मारलं, हवा दमट, आभाळ भरलेलं. इमल्शन तपकिरी असतं, त्यातलं पाणी सुटलं की काळं होतं. आमचं संध्याकाळपर्यंत तपकिरीच होतं, आणि रात्री पाऊस आला.

पहिल्या वर्षीचे पापुद्रे धुळीचे. बेसाकडे सगळीकडे बांधकामं, रेती-मुरमाच्या गाड्या. खराट्याने झाडून रस्ता स्वच्छ दिसतो, पण तो स्वच्छ नसतो. चौथ्या वेळी मिस्त्री म्हणाला, "धूळ गेली जी, आता टाका." मी चिकटपट्टीचा तुकडा रस्त्यावर दाबून उचलला. पट्टी पिठात बुडवल्यासारखी झाली. मग तारेच्या ब्रशने घासलं, कॉम्प्रेसरची हवा मारली आणि पुन्हा पट्टी लावली. तिसऱ्यांदा पट्टी धूळ न घेता रस्त्यालाच चिकटू लागली, तेव्हा सुरुवात केली. या एका कामाला पूर्ण दिवस गेला. मिस्त्री आधी वैतागला, आता तो स्वतः खिशात चिकटपट्टी ठेवतो.

ड्रम उघडण्याआधी आडवा पाडून दोन-चार वेळा लोळवा, बिटुमेन तळाशी बसलेलं असतं. पाणी इमल्शनमध्ये घालायचं, सावकाश, ढवळत. इमल्शन पाण्यात ओतायचं नाही, फुटतं. बोअरचं पाणी वापरण्याआधी एका डब्यात करून बघा आणि जुन्या चाळणीतून गाळा. चाळणीवर गोळे राहिले तर टँकरचं गोडं पाणी घ्या. आमच्या ५४० चौरस मीटरला अर्धा लिटर दराने २७० लिटर मिश्रण लागलं, म्हणजे १३५ लिटर इमल्शन. दोनशे लिटरच्या एका ड्रममध्ये काम झालं आणि उरलं. आधीच्या वर्षी आमच्या बिलात चार ड्रम होते.

फवाऱ्याचा दर चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर या दरम्यान धरतात. आधी दोन मीटरचा तुकडा मारून बघा. पाच-दहा मिनिटांत उतरत नसेल, वर डबकं राहत असेल, तर दर कमी करा. रस्ता फारच तापलेला असेल तर आधी हलका पाण्याचा शिडकावा द्या, नाहीतर इमल्शन वरच फुटतं, आत जात नाही. जिथे जास्त पडलं तिथे वायपरने ओढा आणि वरून कोरडी चुरी भुरभुरवा. चुरी सगळीकडेच हलकी टाकलेली बरी, नुसता गुळगुळीत थर पहिल्या पावसात दुचाकीला घसरवतो. याच कारणाने फॉग सील गल्लीतच ठीक, वेगाच्या रस्त्यावर नको. तिथे पॉलिमर मिसळलेल्या इमल्शनचं आणि बारीक गिट्टीचं मायक्रो सरफेसिंग करतात, चार ते आठ मिलिमीटरचं, आणि ते यंत्राचं काम आहे. कॅटायोनिक इमल्शन आम्लधर्मी असतं, मजुरांना हातमोजे द्या.

बोट लावून काळं लागेनासं होईपर्यंत गाड्या बंद. आम्ही सकाळी साडेदहाला संपवलं आणि चारला मोकळा केला. त्या दिवशी सगळ्यांनी गाड्या आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवल्या होत्या.

भेगांचं वेगळं आहे

आमच्या भागात खाली काळी माती. मेमध्ये ती आकसते आणि रस्त्याच्या कडेला समांतर लांब भेग पडते, ऑगस्टमध्ये माती फुगली की ती जवळपास मिटते. अशा भेगेच्या दोन्ही बाजूंना एक-एक खिळा ठोकून मधलं अंतर लिहून ठेवा आणि चार महिन्यांनी पुन्हा मोजा. आमच्याकडे फरक सात मिलिमीटरचा निघाला. श्वास घेणाऱ्या भेगेवर पातळ थर टिकणार नाही. फॉग सील तीन मिलिमीटरपेक्षा बारीक भेगांसाठी, आणि त्याही न हलणाऱ्या. हलणाऱ्या भेगेला हवेने साफ करून रबरमिश्रित गरम सीलंट भरावं लागतं, आणि कडेच्या मातीत पाणी जाणार नाही हे बघावं लागतं. जाळीसारख्या, मगरीच्या पाठीसारख्या भेगा असतील तर खालचा थर गेला आहे, सीलचा विचार सोडून द्या.

उन्हासाठी पांढरा थर द्यावा का, असंही एकाने विचारलं. अमेरिकेत फिनिक्सने २०२० मध्ये तो प्रयोग केला, पृष्ठभाग दुपारी सहा अंश सेल्सिअसच्या आसपास थंड राहिला, पण परावर्तित उन्हाने दुपारी त्यावर उभ्या माणसाला उष्मा जास्त लागला. गल्लीत पोरं खेळतात, मी तरी घाई करणार नाही.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तीन जागी कणकेची आळी घातली. निंबाखाली आणि मध्ये पाणी दहा मिनिटं हललं नाही. फ्लॅट स्कीमसमोर, जो तुकडा उकरून नव्याने भरला होता, तिथेही आठ मिनिटं टिकलं. कोपऱ्यावरच्या घरापाशी मात्र अडीच मिनिटं. सुतळी ताणली तर मुरूम पुन्हा बोटभर वर आला होता, घराला रंग देताना मालकांनी रेती तिथेच टाकली होती. रविवारी फावडं घेऊन दोघं जण जाणार आहोत, इमल्शनचा ड्रम त्यानंतर बोलावू.